तुपाची वाटी

मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी नरसी नावाचे एक गाव आहे. पूर्वी त्यास नरसी-बामणी म्हणत. आता सारे त्यास नरसी नामदेव म्हणतात. परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला तो १ मे १९९९ रोजी. परंतु या लहानशा गावाची कीर्ती त्यापूर्वी कित्येक शतके पंजाबपर्यंत जाऊन पोचली होती. ती पोचविणारा पुरुष कोणी राजा किंवा सेनापती नव्हता. कपडे शिवणाऱ्या घराण्यात जन्मलेला तो एक वारकरी होता.

मुलांनो, या पुरुषाचे एक चित्र तुम्ही कोठे ना कोठे पाहिले असेल. पुढे एक कुत्रे तोंडात भाकरी धरून धावत आहे आणि त्याच्या मागोमाग एक मनुष्य हातात वाटी घेऊन धावत आहे. ज्याला कथा ठाऊक नाही त्याला वाटेल की, कुत्र्याने भाकरी चोरली म्हणून तो मनुष्य त्याला मारावयास निघाला आहे. पण मारावयास निघालेल्या माणसाच्या हातात काठी असते, धोंडा असतो. वाटी कशाला असेल? संत नामदेवांचे सारे चरित्र या वाटीपर्यंत कसे आले आणि तेथून पुढे कोठे गेले, ते आपण पाहू.

नामदेवांचा जन्म शके ११९२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२७० साली, कार्तिक शुद्ध एकादशीस झाला. काही अभ्यासक त्यांचे जन्मस्थान पंढरपूर मानतात. आमच्या भागातील परंपरा मात्र नरसीचाच निर्वाळा देते. त्यांच्या वडिलांचे नाव दामाशेटी आणि आईचे गोणाई. घराण्याचा व्यवसाय शिंप्याचा. दामाशेटी पंढरीचे निष्ठावंत वारकरी होते, आणि पुढे हे कुटुंब पंढरपुरासच जाऊन राहिले. चंद्रभागेच्या वाळवंटात खेळत आणि विठ्ठलाच्या राउळात जात-येत नामा लहानाचा मोठा झाला.

दामाशेटी रोज विठोबाला नैवेद्य दाखवीत असत. एकदा त्यांना परगावी जावे लागले. तेव्हा गोणाईने नैवेद्याचे ताट नाम्याच्या हाती देऊन त्याला देवळात पाठविले. मोठी माणसे ताट ठेवतात, हात जोडतात आणि ताट घेऊन परत येतात, हे नाम्याला ठाऊक नव्हते. त्याने ताट देवापुढे ठेविले आणि देव केव्हा जेवतो याची वाट पाहत तो बसून राहिला. मूर्ती काही हालेना. नाम्याने विनवणी केली, तो रुसला, रडला. आपल्या हातून काही चुकले असावे म्हणून देव जेवत नाही, असे वाटून त्याचा जीव कासावीस झाला. अखेरीस त्याने देवाच्या पायांवर डोके आपटून घेण्याचा निश्चय केला, तेव्हा विठोबाने हात पुढे करून नैवेद्य खाल्ला, अशी कथा आहे.

ही कथा घडली तशीच घडली की नाही, याचा निर्णय करण्याचे काम आपले नव्हे. तिच्यातील मुलाकडे मात्र नीट पाहावे. ताट पुढे ठेवले म्हणजे आपले काम संपले, असे त्याला वाटले नाही. ज्याच्यासाठी अन्न नेले तो जेवेपर्यंत तेथून हलावयाचे नाही, एवढेच त्या लेकराला कळत होते.

नामा मोठा झाला, राजाईशी त्याचा विवाह झाला, आणि नारा, विठा, गोंदा व महादा असे चार पुत्र झाले. गंगाखेडहून आलेली जनाबाईही याच घरात वाढली व पुढे संतपदास पोचली. खाणारी तोंडे पुष्कळ आणि मिळकत बेताची. नामदेवांचे चित्त कापडात व कात्रीत रमत नसे; ते टाळमृदंगात रमे. घरातील ओढाताण पाहून गोणाई व राजाई या दोघींनाही फार क्लेश होत. तसे त्यांचे गाऱ्हाणे सांगणारे अभंगही परंपरेने जपून ठेवले आहेत, आणि ते ऐकताना आपला जीव त्या सासू-सुनांकडेच ओढ घेतो. संतांच्या चरित्रात घरच्या बायकांचे हाल झाकून ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. तो येथे टाळलेला बरा. या घरात तूप ही काही रोज ताटात पडणारी वस्तू नव्हती, हे पुढील कथेसाठी आपण ध्यानात ठेवावयाचे आहे.

सुमारे वीस वर्षांच्या वयात नामदेवांची आणि ज्ञानेश्वरांची भेट झाली. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव आणि मुक्ताबाई या भावंडांसह संतमंडळी तेर या गावी जमली असताना घडलेला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. तेर हे आज धाराशिव जिल्ह्यात आहे. तेथील गोरा कुंभार हे वयाने सर्वांत वडील. म्हणून सारे त्यांना गोरोबाकाका म्हणत. मुक्ताबाईने त्यांना थापटणे दाखवून विचारले की, याने मडके कच्चे की पक्के ते कळते, तर माणसांची परीक्षा होईल काय? गोरोबाकाकांनी थापटणे उचलले आणि बसल्या जागी एकेकाच्या डोक्यावर हळूच ठोकून पाहिले. सारे शांत राहिले. नामदेवांची पाळी आली तेव्हा त्यांना अपमान वाटला आणि त्यांचा चेहरा रागाने लाल झाला. एवढे एकच मडके कच्चे राहिले आहे, असा निकाल गोरोबाकाकांनी दिला.

विठोबा ज्याच्या हातचे जेवतो, त्याला कच्चे म्हणावे, हे नामदेवांना सोसले नाही. ते तसेच पंढरपुरास परतले आणि त्यांनी विठोबापुढे गाऱ्हाणे मांडले. परंतु विठोबानेही गोरोबांचीच बाजू घेतली व त्यांना गुरू करावयास सांगितले, असे कथेत म्हटले आहे. कच्चेपणा कशात होता? नामदेवांची भक्ती खरी होती, यात शंका नाही. पण त्यांचा देव पंढरपूरच्या गाभाऱ्यात विटेवर उभा होता, आणि तेवढ्यापुरताच होता. राउळाच्या पायऱ्या उतरून बाहेर आले की ते देवापासून दूर होत. बाहेरची माणसे, बाहेरची जनावरे यांच्याशी त्यांच्या देवाचा काही संबंध नव्हता.

गुरूच्या शोधात ते औंढा नागनाथास आले. हे क्षेत्र आपल्या हिंगोली जिल्ह्यातच आहे. येथील शिवलिंग परंपरेने बारा ज्योतिर्लिंगांत गणले जाते, आणि मंदिराच्या दगडी भिंतींवरील यादवकालीन शिल्पकाम पाहण्यासारखे आहे. तेथे नामदेवांना एक वृद्ध गृहस्थ दिसले. ते चक्क शंकराच्या पिंडीवर पाय ठेवून आडवे झाले होते! नामदेव संतापले. त्यावर त्या वृद्धाने सांगितले की, आपल्या अंगात त्राण नाही. जेथे देव नसेल तेथे हे पाय उचलून ठेवावेत. नामदेवांनी त्यांचे पाय एका बाजूस ठेविले, तो तेथे पिंडी! दुसऱ्या बाजूस ठेविले, तेथेही पिंडी! देव नाही अशी जागा नामदेवांना सापडेना. त्यांनी त्या वृद्धाचे पाय मस्तकी धरले. हेच त्यांचे गुरू विसोबा खेचर.

या क्षेत्राची आणखी एक कथा नामदेवांच्या नावाशी जोडलेली आहे. ते मंदिरासमोर कीर्तन करीत असता पूजेस येणाऱ्यांना अडचण होते म्हणून काही जणांनी त्यांना मागील बाजूस हाकलून दिले. नामदेव निमूटपणे मागे गेले व तेथे कीर्तन करू लागले. तेव्हा देऊळच फिरून त्यांच्यासमोर आले, असे भाविक सांगतात. तेथील नंदी मंदिराच्या मागील बाजूस आहे, तो याच कथेची खूण म्हणून दाखविला जातो. हाकलून दिले जाणे म्हणजे काय, याचा अनुभव नामदेवांना अशा रीतीने स्वतःच्या अंगावर मिळाला होता, असे ही कथा सांगते.

आता आपण त्या चित्राकडे वळू. कथेकरी ही कथा बहुधा गुरूपदेशानंतरची म्हणून सांगतात, आणि तिची जागा तीच योग्य आहे.

नामदेवांनी स्वयंपाक केला. भाकरी झाली, शेजारी वाटीत थोडे तूप होते. देवाला नैवेद्य दाखवून ते जेवावयास बसणार, इतक्यात कोठून तरी एक कुत्रे आले आणि भाकरी तोंडात धरून पळाले. अशा वेळी आपण काय करतो, हे प्रत्येकाने मनात आठवून पाहावे. दगड शोधण्यासाठी हात आपोआप खाली जातो. नामदेव मात्र तुपाची वाटी घेऊन उठले. कोरडी भाकरी कुत्र्याच्या घशात अडकेल, तिला तूप लावून द्यावे, म्हणून थांबण्याची विनवणी करीत ते त्याच्या मागे धावू लागले. कुत्रे पुढे, नामदेव मागे. पाहणारे हसले असतील. कुत्र्यालाही प्रथम हा मनुष्य मारावयास येत आहे असेच वाटले असेल. कारण माणसाच्या धावण्याचा दुसरा अर्थ त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हता. अखेर ते थांबले. तेव्हा नामदेवांनी ती भाकरी तुपात भिजवून त्याला भरविली.

ते कुत्रे म्हणजे साक्षात विठ्ठलच होता आणि त्याने नामदेवांना दर्शन दिले, असा या कथेचा शेवट सांगतात. मला स्वतःला कथेचा आधीचा भाग अधिक मोलाचा वाटतो. नामदेव धावले तेव्हा त्यांच्यापुढे कुत्रेच होते. धुळीने भरलेले, भुकेलेले आणि घाबरलेले असे ते एक जनावर होते. देवाचे रूप नंतर दिसले. तूप आधी निघाले. शिवाय ती भाकरी त्यांच्या स्वतःच्या जेवणाची होती, आणि त्या घरात तुपाची काय स्थिती होती ते आपण पाहिलेच आहे.

आपल्याकडे जुन्या घरांत वैश्वदेव होत असे, तेव्हा गाय, कावळा व कुत्रा यांच्यासाठी अन्नाचा वेगळा भाग काढून ठेवीत. खेड्यात आजही सायंकाळी चूल विझण्यापूर्वी कुत्र्यासाठी चतकोर भाकरी बाजूस ठेवणाऱ्या कितीतरी आजीबाई आहेत. त्या चतकोरास त्या दान म्हणत नाहीत. तो त्या कुत्र्याचा वाटाच असतो. कुत्रे हे माणसाच्या सोबतीस फार पूर्वीपासून आहे. गाई-बैल व शेळ्या-मेंढ्या पाळण्याच्याही आधी, माणूस शिकार करून राहत होता त्या काळी, निदान चौदा-पंधरा हजार वर्षांपूर्वी, लांडग्याच्या जातीतील काही प्राणी माणसाच्या शेकोटीजवळ आले आणि पुढे त्याचेच झाले. रात्री आपण निजलेले असताना ते जागते. धनगराच्या मेंढवाड्याभोवती ते फिरते. रानात एकट्या राहणाऱ्या शेतकऱ्याला पावलांची चाहूल त्याच्याआधी त्याच्या कुत्र्याला लागते. आषाढात पंढरीच्या वाटेवर एखादे कुत्रे दिंडीबरोबर चालू लागते. वारकरी त्याला आपल्यातला घास देतात आणि ते मैलोगणती त्यांची साथ करते.

त्याच्या या सोबतीच्या बदल्यात आपण त्याचे काय देणे लागतो? या प्रश्नाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. पावसाळ्याच्या दिवसांत गावोगावी मुले रस्त्यावरून पिले उचलून घरी आणतात. पिलू गुबगुबीत असते, ते पायांत घोटाळते, त्याला मोती किंवा वाघ्या असे नाव मिळते. चार दिवस त्याला दूध मिळते. मग शाळेचे, खेळाचे निमित्त होते. पिलू मोठे होते, रात्री भुंकते, वहाणा कुरतडते. आणि एके दिवशी त्याला आठवड्याच्या बाजारात किंवा गावाबाहेरच्या फाट्यावर सोडून देतात. ज्याने माणसावर विश्वास टाकला, त्याला असे सोडून देणे हे मला रस्त्यावरच्या कुत्र्याला दगड मारण्याहूनही निष्ठुर वाटते. मोकाट कुत्र्याला निदान आपले पोट आपणच भरावयाचे असते, हे जन्मापासून ठाऊक असते. घरच्या कुत्र्याने आपली सारी भिस्त एका दारावर ठेवलेली असते.

कुत्रे पाळावयाचे तर त्याला रोज ठरल्या वेळी खावयास मिळाले पाहिजे. आपण सहलीस गेलो त्या दिवशीही. चैत्र-वैशाखात आमच्या मराठवाड्यात ऊन माणसालाही सोसवत नाही. त्या दिवसांत सावलीत पाण्याचे भांडे भरलेले असावे, आणि ते रोज विसळावे. दिवसभर आखूड साखळीला बांधलेले कुत्रे चिडखोर होते, त्याचा दोष त्याच्याकडे नाही. आणि ते म्हातारे झाले, डोळ्यांना दिसेनासे झाले, चोराची चाहूल लागेनाशी झाली, तरी त्याचा चतकोर बंद होता कामा नये. नामदेवांच्या काळी ठाऊक नसलेली एक गोष्ट आज आपल्याला ठाऊक आहे, ती म्हणजे लस. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने होणारा रेबीज हा रोग, त्याची लक्षणे एकदा दिसू लागल्यावर जवळजवळ हटकून प्राण घेतो. १८८५ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी एका नऊ वर्षांच्या मुलाला टोचून या रोगापासून वाचविले, तेव्हापासून त्यावर उपाय आहे. पिलू तीन महिन्यांचे झाले की त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीजची लस टोचून घ्यावी आणि पुढे दरवर्षी टोचावी. कोणाला कुत्रे चावलेच तर जखमेवर तिखट किंवा चुना लावण्याचा वेडेपणा करू नये. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा. हेही त्या वाटीतलेच तूप आहे, असे समजावे. आणि अनोळखी कुत्र्यामागे वाटी घेऊन धावू मात्र नका! ते नामदेवांना साधले. आपण त्याचे अन्न दुरून ठेवावे व बाजूस व्हावे.

ज्यांच्या घरी तुपाची वाण नव्हती, अशांचेही कुत्र्यावर प्रेम जडलेले आपल्या इतिहासात दिसते. साताऱ्याचे छत्रपती शाहू महाराज यांचा खंड्या नावाचा कुत्रा होता. शिकारीच्या वेळी वाघापासून त्याने महाराजांचे प्राण वाचविले, म्हणून महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असे सांगतात. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे १७४९ साली दिवंगत झालेल्या शाहू महाराजांच्या समाधीच्या परिसरातच या खंड्याचेही स्मारक आहे. उपकार केलेल्या कुत्र्याला राजाने पालखी दिली हे मोठेच; पण नामदेवांच्या कुत्र्याने त्यांच्यावर कोणताच उपकार केलेला नव्हता. उलट त्याने त्यांची भाकरी पळविली होती.

भाकरीमागे धावलेल्या या पायांनी पुढे फार मोठा पल्ला गाठला. ज्ञानेश्वरांबरोबर नामदेवांनी तीर्थयात्रा केली. १२९६ साली कार्तिक वद्य त्रयोदशीस ज्ञानेश्वरांनी आळंदी येथे समाधी घेतली, तेव्हा नामदेव तेथे होते. त्या प्रसंगाचे वर्णन त्यांनी आपल्या अभंगांत केले आहे. ज्ञानेश्वरांच्या चरित्राची पहिली माहिती आपल्याला मिळते ती नामदेवांच्या या अभंगांतूनच. त्याच वर्षी उत्तरेकडून अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी देवगिरीवर आली, आणि पुढे पंचवीस वर्षांच्या आतच यादवांचे राज्य लयास गेले. अशा धामधुमीच्या काळात नामदेव टाळ व वीणा घेऊन उत्तरेस निघाले. जेथे जातील तेथे लोकांच्या बोलीत त्यांनी कीर्तन केले. पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे ते दीर्घकाळ राहिले. तेथील लोकांनी त्यांना आपले मानले. आणि १६०४ साली गुरू अर्जुनदेवांनी शिखांचा आदिग्रंथ सिद्ध केला तेव्हा त्यात नामदेवांच्या रचनांना स्थान मिळाले. आज गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमान येथे भरले, ते याच नात्याने.

उत्तरेतून परत आल्यावर घडलेली एक गोष्ट सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होणार नाही. मंगळवेढ्याचे चोखामेळा हे थोर संत नामदेवांना गुरू मानीत. ते जन्माने महार, म्हणून त्या काळच्या दुष्ट रूढीने त्यांना विठोबाच्या देवळात पाऊल ठेवू दिले नाही. महाद्वाराबाहेर उभे राहूनच त्यांनी देवाला आळविले. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा व इतर अनेक मजूर गाडले गेले. वार्ता कळताच नामदेव मंगळवेढ्यास गेले. ढिगाऱ्यात कोणाच्या अस्थी कोणत्या हे ओळखणार कसे? ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला त्या नामदेवांनी उचलल्या, असे परंपरा सांगते. त्या त्यांनी पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारासमोर चोखोबांची समाधी बांधविली. कुत्र्यामागे वाटी घेऊन धावणाऱ्याला पाहून हसणारे जसे होते, तसे अस्थी उचलणाऱ्या नामदेवांकडे डोळे वटारून पाहणारेही तेव्हा असतीलच. ज्या दाराबाहेर चोखोबा जन्मभर उभे राहिले, ते दार अस्पृश्य मानलेल्या माणसांसाठी उघडावयास १९४७ साल उजाडावे लागले. त्यासाठी साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले.

नामदेवांची वृद्धावस्था पंढरपुरास गेली. पूर्वी गाभाऱ्यात जाऊन देवाशी हट्ट करणारा नामा आता अगदी वेगळेच मागू लागला होता. देवाजवळची जागा त्यांना नको होती. देवाकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेतली जागा हवी होती. तीही अशी की, जेथे प्रत्येकाचे पाऊल आपल्यावर पडेल. शके १२७२ मध्ये, म्हणजे १३५० साली, आषाढ वद्य त्रयोदशीस, वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्यांनी महाद्वाराच्या पहिल्या पायरीशी समाधी घेतली. ती पायरी नामदेव पायरी म्हणून ओळखली जाते, आणि तिच्यासमोरच चोखोबांची समाधी आहे.

आषाढी-कार्तिकीस लक्षावधी वारकरी त्या दारी येतात. नरसीहूनही नामदेवांची पालखी येते. सर्वांचे पाय आपल्याला लागावेत म्हणून नामदेव तेथे निजले. परंतु वारकरी त्या पायरीवर पाय ठेवीत नाहीत. ते खाली वाकतात, तिला कपाळ लावतात आणि तिला ओलांडून आत जातात.